शिडी धरायचं काम

वाल्मीक उगले शेवटी सगळ्यांसमोर खांबावर चढले, वरच अडकले आणि त्यांना खाली आणावं लागलं. त्यात त्यांची नोकरी गेली. मात्र ऑफिसच्या नोंदीप्रमाणे असं काहीही घडलेलं नाही. कार्यक्रम उत्साहात पार पडला, असं तिथे लिहिलेलं आहे. ऑफिसशी वाद घालून कुणाचं भलं झाल्याचं ऐकिवात नाही. तेव्हा आपणही ते घडलंच नाही असं धरून चालू.

तर उत्तमनगरातल्या एका खांबाला शिडी टेकवली होती आणि अबरार मोमीन ती दोन्ही हातांनी धरून उभा होता. नोकरीचा दुसरा दिवस. पहिला दिवस हेल्मेट मिळण्याची वाट बघण्यात गेला होता.

अबरार येवल्याचा. त्याचे वडील अब्बासभाई पैठणीच्या मागावर बसून बसून गुडघ्यातून गेले होते, त्यामुळे पोरानं बसायचं काम करू नये एवढी एकच अट त्यांनी घातली होती. अबरारनं आयटीआय केलं आणि नाशकात उभं राहायचं काम शोधलं. घरोघरी इंटरनेटची वायर पोहोचवणाऱ्या एका कंत्राटदाराकडे तो ट्रेनी लाईनमन म्हणून लागला. तीन महिने ट्रेनीनं शिडी धरायची, वर बघायचं आणि शिकायचं, असा नियम होता. वर बघून मान आखडते, एवढं तो पहिल्या तासात शिकला.

ज्यांच्याकडून शिकायचं ते वाल्मीक मामा. पन्नाशी ओलांडलेले, दिंडोरीकडच्या खेड्यातले, तांब्याच्या तारांच्या जमान्यापासून खांबांवर वावरलेले. त्यांना सगळं ऑफिस मामा म्हणायचं, कंत्राटदारसुद्धा. मामा शिडीच्या दोन पायऱ्या चढले, थांबले आणि खाली उतरले. बुटाची लेस सुटली म्हणाले. पुन्हा चढले, तिसऱ्या पायरीवरून परत आले. पुन्हा लेस. मामांच्या पायात सँडल होती. नव्या नोकरीत कुठल्या गोष्टी दिसायच्या आणि कुठल्या नाही, हे अबरारला अजून कळायचं होतं, म्हणून त्यानं मान वर करून खांबाकडे बघितलं.

तिसऱ्यांदा उतरल्यावर मामा शिडीच्या बाजूला उकिडवे बसले आणि कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "तू चढतो का?"

"मला परवानगी नाय ना मामा. ट्रेनी आहे मी."

"मला बी नाय," मामा म्हणाले. "कानानं नाय दिली."

मग त्यांनी सगळं सांगितलं. गेल्या वर्षापासून चार पायऱ्या वर गेलं की खांब एकीकडे जातो आणि जमीन दुसरीकडे. डॉक्टरनं कानात बिघाड काढला, तोल सांभाळणारं काहीतरी आत असतं ते गेलं म्हणाला, उंचीवर जाऊ नका म्हणाला. धंदा काय, असं विचारलं तेव्हा मामांनी किराणा दुकान सांगितलं. डॉक्टरनं मग वरच्या फळीवरचा माल पोराकडून काढून घ्या, असा सल्ला दिला. ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं. ज्याला चढता येत नाही त्याला लाईनमन म्हणून ठेवतील कशाला? आधीचा जोडीदार वर जायचा आणि गप्प बसायचा, पण तो अंबडला कारखान्यात लागला होता.

अबरारला मामांची दया वगैरे आली नव्हती. मान दुखत होती. शिवाय येवल्यात संक्रांतीला अख्खं गाव पत्र्यांवर असतं. पतंगापायी तो याहून वाईट जागी चढलेला होता. त्यानं बेल्ट घेतला आणि चढला.

वर गेल्यावर कळलं की खरं काम खाली चाललंय. शिडी अजिबात हलत नव्हती. मामांनी एक पाय खालच्या पायरीवर, एक जमिनीत रोवून, खांदा लावून ती अशी धरली होती की ती तिथेच उगवली असावी. आणि खालूनच ते सांगत होते: जाडी काळी सोड, ती लाईटवाल्यांची. तिच्यामागची बारीक ओढून बघ. ती नाय, ती मेलेली हाय. त्या खांबावर इतक्या कंपन्यांच्या वायरी लोंबत होत्या की खांबानं त्यांना धरलंय की त्यांनी खांबाला, हे सांगणं अवघड होतं. मामांना त्यातली जिवंत कुठली आणि मेलेली कुठली, हे जमिनीवरून पाठ होतं.

अडचण होती ती ॲपची. काम झालं की वरूनच सेल्फी काढावी लागायची. फोटोत मागे उघडा जॉइंट बॉक्स आणि पुढे हेल्मेट घातलेला चेहरा हवा. ट्रेनीचा चेहरा चालत नव्हता. आधीच्या जोडीदाराला चढायची परवानगी होती, तो आपलाच चेहरा लावायचा. अबरारनं आपल्या मोबाईलवर मामांचा फोटो लावून ॲपसमोर धरला. ॲपनं स्क्रीन ओळखली आणि लाल झालं. पासपोर्ट साईजचा फोटो दाखवला, तर ॲपनं 'कृपया जवळ या' असं सांगितलं.

उपाय सापडला त्रिमूर्ती चौकात. मामांचा भाचा भिकन वॉर्डात पुढारी व्हायच्या खटपटीत होता आणि त्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चौकात लागला होता. वर भिकन, दोन माणसांएवढा. खाली शुभेच्छुकांची रांग. त्या रांगेत डावीकडून शेवटी मामा, कुठल्याशा लग्नातल्या फोटोतून उचललेले, कपाळाला कुंकू, चेहऱ्यावर जेवण झाल्यानंतरचं हसू. डोकं बरोब्बर खऱ्या मापाचं. वाढदिवस उलटून गेला तरी फ्लेक्स तसाच होता. अबरारनं भरदुपारी ब्लेडनं मामांना कापून घेतलं. कुणी हटकलं नाही. फ्लेक्स लावणारा आणि काढणारा दोघेही सारखेच दिसतात.

दुसऱ्या दिवशी तो शर्टाच्या आत मामांची सुरळी घेऊन चढला, वर उलगडली, तिला हेल्मेट घातलं आणि फोटो काढला. ॲप हिरवं झालं. 'धन्यवाद, वाल्मीक'.

"झालं?" मामांनी खालून विचारलं.

"तुम्ही चांगले आलात," अबरार म्हणाला.

मग दिवस एकाला एक चिकटून गेले. सकाळी फोनवर तक्रारींची यादी यायची आणि ती संध्याकाळपर्यंत संपायची नाही. पाथर्डी फाटा, सिडको, अंबड लिंक रोड, पुन्हा सिडको. राऊटरवर लाल लाईट आलीये, असं लोक फोनवर अशा आवाजात सांगायचे की अबरारला आधी माणसं सुखरूप आहेत का, असं विचारावंसं वाटायचं. खारी आणि उंदीर वायर कुरतडायचे. टेम्पोवाले तोडायचे. एकानं त्या वायरीवर गोधड्या वाळत घातल्या होत्या आणि नेट स्लो आहे अशी तक्रारही त्यानंच केली होती. उन्हात शिडीला हात लावला की चटका बसायचा. रात्री वडाळागावातल्या खोलीवर अबरार आडवा व्हायचा तेव्हा पोटऱ्या अजून चढतच असायच्या. अब्बासभाई फोनवर विचारायचे, बसावं लागत नाही ना? तो म्हणायचा, नाही अब्बा, बसायला मिळतच नाही.

दुपारी एखाद्या बंद शटरच्या सावलीत दोघं डबा खायचे. डबा मामांच्या बायकोनं, उज्वलामामींनी, दोघांपुरता दिलेला असायचा. मामा फार बोलायचे नाहीत. एकदा म्हणाले, हळू चढत जा, एवढी कामं नको उरकू. अबरारला वाटलं, काळजीनं म्हणतायत. त्यानं अजून भरभर उरकली.

मामांचं म्हणणं वेगळं होतं, हे जिल्ह्याचा निकाल लागला तेव्हा कळलं.

सगळ्या जिल्ह्यात सगळ्यांत जास्त वेळा खांबावर चढणारा लाईनमन म्हणून ॲपनं वाल्मीक लहानू उगले यांचं नाव काढलं. दुसऱ्या नंबरवर येवल्याकडचा एक पंचविशीतला पोरगा होता आणि तो बराच मागे होता. सुपरवायझर रुद्र सर, स्वतः इंजिनिअर, वयानं अबरारपेक्षा जेमतेम मोठे, टॅबलेट घेऊन दोघांना शोधत आले. त्यांनी मामांचे सगळे फोटो एकापाठोपाठ एक लावून बघितले होते आणि ते मनापासून भारावले होते. कडक उन्हात, वाऱ्यात, पावसात, प्रत्येक फोटोत मामा हसतायत. रोज कपाळाला कुंकू, म्हणजे रोज देवाला हात जोडून कामाला सुरुवात. हे तर मूल्यशिक्षण आहे, असं सरांनी हेड ऑफिसला कळवलंसुद्धा होतं.

अंबडच्या यार्डात सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, नवीन भरतीची पोरं समोर बसवायची, आणि मामांनी त्यांना खांबावर चढून दाखवायचं. व्हिडिओ निघेल, तो ट्रेनिंगला वापरला जाईल.

मामा आजारी पडले. सरांनी कार्यक्रम पुढे ढकलला. मामांच्या चुलत्याचं निधन झालं. सरांनी पुन्हा ढकलला, आणि सांत्वनाला घरी येतो म्हणाले. मामांनी ते निधन तिथेच थांबवलं, कारण चुलता दिंडोरीत धडधाकट होता.

अबरार म्हणाला, आपण जाऊन सांगून टाकू. मामांनी विचारलं, काय सांगणार? मी वर्षभर चढलो नाय, आणि तू परवानगी नसताना रोज चढलास? मी तर जाईनच. तू लागायच्या आधीच जाशील, आणि पुन्हा कुठला कंत्राटदार तुला उभा करणार नाय. तुझं नाव पक्क्या यादीत लागायला काही आठवडे राहिलेत. गप ऱ्हा.

यार्डात मांडव घातला होता. पुढच्या रांगेत उज्वलामामी, ठेवणीतली साडी, मांडीवर पर्स. त्यांना कानाचं माहीत होतं. घरी जिन्यावर भिंत धरून चालणारा माणूस बायकोला दिसतोच. तरी त्या आल्या होत्या, कारण मामांनी तसं सांगितलं होतं. मामांचे कपडे इस्त्रीचे होते, पायात बूट होते. रुद्र सरांनी मामांच्या खांद्यावर शाल घातली आणि माईकवरून मानपत्र वाचलं. त्यात 'गगनाला गवसणी' असा शब्दप्रयोग होता. टाळ्या झाल्या. मग सगळ्यांनी खांबाकडे बघितलं.

अबरार शिडी धरायला गेला. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच तो नियमानं जिथं असायला हवा तिथं उभा होता. मामांसारखाच त्यानं एक पाय पायरीवर ठेवला, खांदा लावला.

मामा चढायला लागले. चौथ्या पायरीवर थांबले आणि त्यांनी डोळे मिटले.

"बघा, मामा घाई करत नाहीत," रुद्र सर माईकवर पोरांना सांगू लागले. "प्रत्येक पायरीवर मन एकाग्र करतात."

पोरांनी वहीत लिहून घेतलं. वरून मामांचा अगदी बारीक आवाज आला, "पाय कुठंय?"

"उजवा वर," अबरार ओठ न हलवता म्हणाला. "अजून वर. ठेवा."

असे ते गेले, डोळे मिटून, एकेक पायरी अबरारच्या शब्दावर. शिडीतून त्यांचं सगळं वजन खाली अबरारच्या खांद्यात उतरत होतं. शेवटी बेल्टचा हूक खटकन लागला. मांडवात टाळ्या कडाडल्या. मामांनी दोन्ही हातांनी खांबाला मिठी मारली होती. लांबून ते प्रेम दिसत होतं.

"मामा, वरून दोन शब्द," रुद्र सर म्हणाले.

मामा वरून म्हणाले, "साहेब, मला आता उतरता येत नाय."

पोरं हसली. सरही हसले, म्हणाले, या हळूहळू. मामा तसेच. थोड्या वेळानं हसणं आपोआप थांबलं. वाऱ्यावर मांडवाची झालर हलत होती आणि खांबाला चिकटलेल्या माणसाची शाल घसरून निम्मी खाली लोंबत होती. ती कुणी काढून घ्यायची, हे मानपत्रात नव्हतं.

अबरारनं शिडीवर पाय ठेवला. रुद्र सर धावत आले. "तू नाही. ट्रेनीला परवानगी नाही."

"मग परवानगीवालं कोण आहे इथं, सर?"

सरांनी आजूबाजूला बघितलं. समोर बसलेली सगळी पोरं ट्रेनी होती. बाकीचे लाईनमन तक्रारींवर गेले होते. त्या क्षणी यार्डात वर जायची परवानगी असलेला एकच माणूस होता, आणि त्यालाच खाली आणायचं होतं. फायर ब्रिगेड बोलवावी तर पेपरात येईल. सर टॅबलेटकडे बघत राहिले.

तेवढ्यात उज्वलामामी उठल्या. पर्स त्यांनी खुर्चीवर ठेवली, पदर कमरेला खोचला आणि येऊन शिडी धरली. एक पाय पायरीवर, एक जमिनीत.

"चढ," त्या म्हणाल्या. "धरलीये मी."

अबरार चढला. नेहमी चढायचा तसाच. मुद्दाम अडखळायला हवं होतं, हे त्याला अर्ध्यावर सुचलं, पण पायांना ते जमेना. पहिल्यांदा शिडी चढणारा माणूस असा चढत नाही, हे त्या नव्या पोरांनाही कळत होतं.

"कोण?" मामांनी डोळे न उघडता विचारलं.

"मी."

"लय पटकन आलास."

"रोजचंच आहे, मामा."

मामांनी खांबाला गाल टेकवला. मग म्हणाले, "आता सगळ्यांनी बघितलं तुला."

"बघू द्या."

"बघू द्या काय. तू तोंड उघडायचं नाय. वय झालं, झेपत नाय, असं मी सांगतो. तेवढं तर मला सांगू दे."

अबरारनं बेल्टचा हूक सोडवला, एक पायरी खाली झाला आणि मामांच्या घोट्याला धरून त्यांचा पाय पायरीवर ठेवला. मग दुसरा. मामांची पाठ त्याच्या छातीला लागलेली. तेवढी उंची उतरायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात एरवी त्यांनी अर्धं सिडको उरकलं असतं. खाली आल्यावर मामींनी शिडी सोडली नाही. मामांचे दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले बघितले, तेव्हा सोडली.

रुद्र सर बुद्धीनं कमी नव्हते. त्यांनी त्याच संध्याकाळी सगळे फोटो पुन्हा बघितले आणि सगळ्या फोटोंत एकच हसू आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. पण त्या फोटोंवर तपासल्याची खूण त्यांनीच केलेली होती आणि मानपत्र हेड ऑफिसला पोहोचलं होतं. त्यामुळे काही झालं नाही. मामांनी घरगुती कारणानं काम सोडलं. अबरारला काही म्हणण्यासारखं अबरारनं काही केलेलं नव्हतं. नोंदीप्रमाणे तो आजवर एकदाही चढला नव्हता.

तो सरांना एकदा भेटला. म्हणाला, मामांना खालच्या कामाला ठेवा, त्यांच्यासारखी शिडी कुणी धरत नाही. सरांनी खरोखर शोधलं. त्यांनी टॅबलेटवर पदांची यादी वरपासून खालपर्यंत सरकवली, पुन्हा वर नेली. "शिडी धरणारा म्हणजे ट्रेनी," ते शेवटी म्हणाले, "आणि ट्रेनीला वयाची अट आहे रे. मी काय करू?" त्यांचा चेहरा खरंच उतरलेला होता.

एकदाही चढला नसल्यामुळे अबरारला चढण्याचं पूर्ण ट्रेनिंग घ्यावं लागलं. तिथे व्हिडिओ दाखवतात. मामा चौथ्या पायरीवर थांबतात, मन एकाग्र करतात, वर जातात, टाळ्या होतात. तिथेच व्हिडिओ संपतो. मामा वरच राहतात. वाटलंच तर शिकवणारा पुन्हा पहिल्यापासून लावतो.

अबरार पक्का लाईनमन झाला. त्याच्याखाली सार्थक नावाचा ट्रेनी आला. चांगला पोरगा होता, फक्त शिडी एका हातानं धरायचा, कारण दुसऱ्या हातात मोबाईल असायचा. शिडी हलायची. अबरार वरून ओरडायचा, सार्थक दोन्ही हात लावायचा, शिडी पुन्हा हलायची. सरकत सरकत दिवस चालले होते. कधी कधी अबरारला हातातली वायर जिवंत की मेलेली ते कळायचं नाही आणि खालून कुणी सांगायचं नाही.

मग एक तक्रार मामांच्याच गल्लीतून आली. लाल लाईट, वायर तिसऱ्या खांबावरची. अबरारनं शिडी टेकवली तोवर मामा बनियन-पायजम्यात ओट्यावरून उठून आले होते. सार्थकला त्यांनी कोपरानं बाजूला केलं, पाय रोवला, खांदा लावला. अबरार चढला. शिडी हलली नाही.

काम छोटं होतं. वर बसून त्यानं आपल्या चेहऱ्याचा फोटो दिला, ॲप हिरवं झालं. खाली मामा मान वर करून उभे होते. महिना संपत आला होता, म्हणून ॲपनं नेहमीचं विचारलं: कर्मचाऱ्यांच्या काही सूचना असल्यास लिहाव्यात. अबरार ते कायम बंद करायचा. आज उतरायची घाई नव्हती. हेल्मेटची पट्टी सैल करून तो अंगठ्यानं लिहू लागला:

'विषय: खांबांची उंची कमी करणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, नाशिक विभागातील सर्व खांबांची उंची, जमिनीवर उभे राहिलेल्या श्री. वाल्मीक लहानू उगले यांचा हात जॉइंट बॉक्सपर्यंत पोहोचेल इतपत कमी करण्यात यावी. काम पूर्ण होईपर्यंत सदर इसम शिडीजवळ थांबण्यास तयार आहेत. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती.'